चालु

अत्तम्मानं छत्तीस वर्षं विड्या वळल्या.
दिवसाला हजार. हजार वेळा
तोच दोरा, तेच वेढे, बोटावरच तुटणारी गाठ.
म्हणून पुण्याच्या दुकानदारानं
गळ, पिसं आणि नमुन्याला एक
कधीच जिवंत नसलेली माशी पाठवली
तेव्हा ती घाबरली नाही.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
माशी उलटी करून पाहिली,
"तंबाखू कुठून भरायची?" एवढंच विचारलं.

आता विडी घरकुलातल्या आमच्या पुढच्या खोलीत
सुपाच्या जागी टेबल आहे,
टेबलाला आवळलेला लोखंडी चिमटा.
ती बांधते, मी साफ करते.

साफ करणं म्हणजे
गळाच्या नेढ्यावर आलेलं कोंबड्याचं तूस,
पोटाखालून सुटलेला एखादा तंतू,
जिथं कात्री शिरत नाही,
शिरली तर जास्तीचं खाते,
तिथं तापलेली तार न्यायची.
लावायची नाही. न्यायची.
आच पोचली की तंतू आपणच आखडतो
आणि नसतो.

अत्तम्मा पाठमोरी बसून वासावर ओळखते.
कागद जळाल्यासारखा आला तर सूत.
केसांसारखा, तर पीस.
नायलॉन असेल तर टोकाला मणी धरतो,
काळा, मोहरीएवढा,
बोटाला चिकटला की दोन दिवस बोलत राहतो.
रेशीम म्हणून आलेलं एक रीळ
तिनं असंच जाळून परत धाडलं होतं.

तारेचं पेन दुकानदाराचं. बटण दाबलं की टोक लाल.
त्याआधी दाभण होती आणि चिमणी,
त्याच्याही आधी सासऱ्यांची विडी.
ते ओढत बसायचे, ती माशी त्यांच्या तोंडाशी न्यायची,
"कदलकंडि" म्हणायची, हलू नका.
ते एक झुरका घ्यायचे,
निखारा उजळायचा, तंतू जायचा.
मग डॉक्टरांनी विडी बंद केली आणि पेन आलं.
सासरे अजून तिथंच येऊन बसतात,
रिकाम्या हातांनी.

माझं माहेर करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्याच्या कडेचं.
तेलुगू मला अजून अर्धी कळते.
पहिल्याच आठवड्यात, चोवीसमधली शेवटची,
सगळ्यांत देखणी,
मी तार फिरवत होते आणि ती मागून म्हणाली, "चालु."
मला वाटलं, चालू ठेव.
ठेवलं.
"चालु!"
मी आणखी जवळ नेली.
तूस गेलं, मग पिसाची झालर,
मग तो दोरा, ज्याच्यावर सगळं उभं होतं.
चिमट्यात नुसता गळ राहिला.

तिच्या भाषेत चालु म्हणजे पुरे.
हे मला सासऱ्यांनी सांगितलं, हसून ठसका लागल्यावर.

तिनं चोविसावी परत बांधली.
मी म्हटलं, पोटाखालचे दोन तंतू राहू द्या,
मरळ पाण्यात हलणाऱ्या गोष्टीला फसते,
माझ्या बापाचं आयुष्य गेलंय त्यात.
ती नमुन्याकडे बघत राहिली.
"ह्यात नाहीत," म्हणाली,
आणि तार जवळ नेली.

मी माहेरी निघाले त्याच्या आदल्या रात्री वीज गेली होती.
पेन चार्ज नव्हतं.
सकाळी माझ्या पिशवीत, चिवड्याच्या पुडीवर,
काड्यापेटीत एक माशी.
नेढं स्वच्छ. झालर सारखी.
पोटाखाली दोन तंतू, मोजून दोन, सोडलेले.
"चालु?" तिनं दारातून विचारलं.
मी मान हलवली,
कुठल्या भाषेत ते तिनं विचारलं नाही.

बापानं काड्यापेटी उघडली,
माशी उजेडात धरली, फुंकर घालून तंतू हलवले,
मग नाकाशी नेली.
"चांगली आहे," म्हणाला,
"पण हिला विडीचा वास कसा काय येतो गं?"