काज

तिकीट रद्द करायला अकरा मिनिटं लागली,
त्यातली नऊ फोनवरची बासरी ऐकण्यात.
मग सिल्वाना नावाची कुणी म्हणाली, कारण सांगा.
मी म्हटलं, बातम्या लावा.
बाई, माझ्याकडे चारच कारणं आहेत, ती म्हणाली:
आजारपण, मृत्यू, व्हिसा, इतर.
मी इतर म्हटलं.

बाबा स्वयंपाकघरात होते, बूट घालून.
चार दिवस घरातही बूट घालून वावरतायत,
नवे आहेत, विमानात चावायला नकोत.
खिडकीबाहेर साओ पावलोची जुलैतली भुरभुर
आणि दाराशी सुटकेस, तेवीस किलो, वर एक ग्रॅम नाही:
कॉफी, पेरूच्या वड्या,
आत्याच्या थायरॉइडच्या गोळ्या, सहा महिन्यांच्या,
आणि पुठ्ठ्यावर टाचलेली बारा बटणं.

बटणांचं असं आहे.
पंचवीस मार्च नावाच्या रस्त्यावर
बाबांनी चाळीस वर्षं बटणंच विकली.
आणि नज्लाआत्या राहते झाहलेच्याही वरच्या गावात,
तिच्या करड्या कोटाचं तिसरं बटण पडलंय,
मागच्या युद्धात की त्याच्या आधीच्या, तिला आठवत नाही.
थंडीत ती तिथे हात धरून चालते.
दोन भोकं की चार, बाबांनी फोनवर विचारलं होतं.
थांब, चष्मा आणते, म्हणाली
आणि इतका वेळ गेला
की आम्हाला वाटलं लाइन तुटली.
चार.
हवं होतं एक. बाबांनी बारा घेतली.

रद्द नाही हो, सिल्वाना म्हणाली, खुलं केलंय तिकीट,
वर्षभरात कधीही जा.
मी बाबांना तसंच सांगितलं, खुलं,
खिडकीबद्दल बोलावं तसं.
ते त्र्याऐंशीचे आहेत.
वर्ष कुणाला दिलंय, त्यांनी विचारलं, मला की त्यांना?
आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

मग आत्याला फोन. तिथे रात्र.
मी शब्द जुळवून ठेवले होते, तिनेच आधी उरकलं:
येऊ नकोस. सगळं ठीक आहे, पण येऊ नकोस.
मागे काहीतरी धाडकन वाजलं.
दार, ती म्हणाली, वाऱ्याने.
कडी लाव, बाबा म्हणाले.
लावते.
पुन्हा दार.
त्या घराला दारं दोन आहेत,
नऊ वर्षांची असताना मी त्यांतून दिवसभर पळत होते.
त्या रात्री ती सहादा वाजली
आणि ही दोघं अंजिरांबद्दल बोलत राहिली,
गुडघ्यांबद्दल,
कुणा शेजाऱ्याच्या लग्न न झालेल्या मुलाबद्दल.
इतकं सफाईने खोटं बोलायला
एकाच आईच्या हाताखाली वाढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो.
काउंटरवरच्या मुलाने देशाचं नाव टाइप केलं
आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.
सेवा तात्पुरती बंद.
पाकिटात फक्त बटण आहे, बाबा म्हणाले.
एकच. बाकीची अकरा घरी ठेवून आलोय.
मुलाने ते तळहातावर घेतलं, दिव्याखाली धरलं,
शिंपल्याचं आहे का, विचारलं.
शिंपल्याचं आहे.
छान आहे, म्हणाला, आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

सुटकेस उघडू का, मी विचारलं.
कॉफी तेवढी काढ, म्हणाले, वास जातो तिचा.
आता एकवीस किलो.
बूट काल काढले. टाचेला फोड आलाय.

रात्री उशिरा त्यांच्या खोलीतून हाक येते:
कडी लावली असेल ना तिने?
लावली असेल.
मग बराच वेळ काही नाही. मी दिवा घालवते.
चारच म्हणाली होती ना भोकं?
चार, बाबा.