खोक्यावरचा मजकूर

धायरीत, पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही समुद्र बनवतो.
थोडं कॅलोन, ज्याला आधी कलिंगडाच्या सालीचा वास येतो
आणि हात हलका राहिला तरच पुढे खारा वारा लागतो.
देवदाराचं तेल, नावापुरतं.
बाकी सगळं स्पिरिट.
खरा समुद्र इथून चार तास,
ताम्हिणीत ट्रक आडवा झाला तर सहा.

पॅकिंगला वासंती चोगले आहे, माहेर हर्णैचं.
कागदाची पट्टी नाकाशी धरून म्हणाली,
"ह्यात सुकट कुठाय? होडीचं डिझेल कुठाय?
हा समुद्र न्हाऊनमाखून लग्नाला निघालाय."
पट्टी मात्र तिने डब्याच्या पिशवीत घातली.

रेणावीकर म्हणाले, शुक्रवारपर्यंत खोक्यासाठी चार ओळी हव्यात.
कुणाला शोभेल, स्वभाव कसा, वगैरे.
"बायकी नको, पुरुषी नको. दोघांचं आहे ते."

लिहायला घेतलं:
'जो कमी बोलतो...' खोडलं.
'जी कमी बोलते...' खोडलं.
'जो/जी' म्हणजे तर रेशनकार्डाचा अर्ज.
आपल्याकडे क्रियापदसुद्धा कपडे बघून चालतं.
समुद्र तो, लाट ती, पाणी ते.
भरती ती, ओहोटीही तीच, फेस तो.
मीठ तेवढं ते,
आणि सगळं वाळल्यावर अंगावर उरतं
तेच.

मग 'तुम्ही'चा हात धरला.
तुम्ही उशिरा पोचता, कुणाला न सांगता निघता.
कुणी रडत असेल तर समजूत घालत नाही,
शेजारी खुर्ची ओढून बसता.
फोनवर नुसतं 'बरं' म्हणता
आणि समोरच्याला रात्रभर पुरतं.
तुमचा राग सहा तासांनी आपोआप उतरतो,
पण उतरताना वाळूवर काय काय ठेवून जातो.

बरं जमलं होतं.
पण परत वाचताना एकदा आत्या दिसली,
एकदा शाळेतले ड्रॉइंगचे सर,
आणि मध्येच, नको तेव्हा,
आठ वर्षांपूर्वी कोथरूडच्या भाड्याच्या घरातून
छत्री विसरून गेलेलं
एक माणूस.

रात्री आठला निवृत्ती ढेबे पाळीवर आला.
वेल्ह्याकडचा. समुद्र बघितलेला नाही.
पाणी म्हटलं की त्याला पानशेत,
आणि पानशेतच्या तळाशी आजीचं माहेर.
त्याच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याशेजारी, एक फवारा मारला.
त्याने आधी गेटचं रजिस्टर भरलं,
कुत्र्याला पाव घातला,
मग हुंगलं.
"कसंय?"
"काय सांगू. खोलीत कुणीतरी येऊन गेलंय
आन् आपण जरासे उशिरा पोचलोय, असं."

कुणीतरी येऊन गेलंय.
बाई नाही, बुवा नाही.
म्हणजे भाषेने एक दार किलकिलं ठेवलं होतं
आणि आम्ही दिवसभर खिडक्या ठोठावत होतो.

शुक्रवारी रेणावीकरांनी नेमकं तेच वाक्य काढलं.
"अहो, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं हे."
छापून आलं: 'मोकळ्या मनाच्या, धाडसी तुमच्यासाठी.'
वासंतीने पाच हजार खोक्यांना घड्या घातल्या.
निवृत्तीने फुटक्या झाकणाची एक बाटली मागून घेतली,
बायकोला म्हणून. वापरतो तोच.

विठ्ठलवाडीच्या सिग्नलला
मुठेला तिचा स्वतःचा वास,
जो कुणी बाटलीत भरणार नाही.
बाहीला मात्र अजून खारं काहीतरी.

कुलूप काढलं. दिवा लगेच लावला नाही.
घरं दोनदा बदलून झाली,
छत्री प्रत्येक घरात दाराशीच टांगली जाते.
कोरडी.
तिचा वास घेऊन बघितला.
तिला लोखंडाचा येतो.