गळती

लग्नपत्रिकांचा मोसम सरला होता, मशीन थंड.
बैकुंठ बेहेरा दारात उभा राहिला,
खांद्यावर पान्या-पकडींची पिशवी.
म्हणाला, कार्ड पाहिजे, शंभर.
शंभर पडतात दोनशेला, दोनशे अडीचशेला,
मी धंद्याचं गणित सांगितलं.
खिसा चाचपून तो दोनशे म्हणाला.

काय छापू?
नाव, नंबर, नळकाम.
आणि खाली, जरा थांबून,
'गळती बंद करून मिळेल.'

मी चष्मा वर केला.
टिळकनगरात पंचवीस वर्षं दुकान माझं,
बाहेरून आलेला जो तो 'गलती' म्हणतो,
आणि घरातली बाई म्हणते,
गलती कुणाची ते मागाहून ठरवू,
आधी नळ बघ.
याचा ळ मात्र लख्ख.
'आमच्यात पण आहे,' तो म्हणाला,
'केंद्रापाड्याहून सोबत आणलाय.'
एवढं एकच हत्यार असं,
जे त्याला इथे विकत घ्यावं लागलं नाही.

पहिली दीडशे कार्डं कुठे गेली
मला माहीत आहे:
जिन्याखाली, पिझ्झाच्या पत्रकांत,
झाडूवालीच्या सुपलीत.
चौऱ्याहत्तर नंबरचा वॉचमन
कामामागे पन्नास मागायचा,
काम एकही नसताना.

मग चौबळ काकूंचा नळ.
रात्रभर ठिबकत होता म्हणे.
याने उघडला, वॉशर बदलला, वीस रुपये.
वीस?
काकूंना रात्री झोप नाही.
एवढ्या स्वस्तात करतो म्हणजे शिकाऊच असणार.
दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा बोलावला.
त्याने नळ खोलला, पाहिला, परत लावला,
'केलंय की नीट,' म्हणाला,
आणि आल्याचे दोनशे घेऊन गेला.

त्या दोनशेंनी बैकुंठचा धंदा उभा केला.
खर्च काकूंचा.

काकूंच्या फोनात तो आधी 'प्लंबर ३' होता,
मग 'बेहेरा',
गणपती होईतो 'वैकुंठ'.
तसाच अख्ख्या विंगला पाठवला त्यांनी.
तिसऱ्या मजल्यावरचे प्रभावळकर
अजून दचकतात,
बायको सकाळी उठून म्हणाली, की
'अहो, वैकुंठाला फोन लावू का?'

दुपारी तो माझ्या काउंटरवर टेकतो,
अर्धा चहा माझा, अर्धा त्याचा,
आणि शब्द तपासून घेतो.
ठिबकणं म्हणजे वॉशर.
गळणं म्हणजे सांधा.
तुंबणं म्हणजे केस, बहुतेक लांब.
झिरपणं म्हणजे वरच्या मजल्याशी भांडण,
त्यात पडायचं नाही,
पैसे आधी घ्यायचे.

परवा विचारलं, 'आणि पाझरणं?'
कुठे ऐकलंस?
साबळे मास्तर म्हणाले,
स्वयंपाकघराची भिंत पाझरते.
'हात फिरवला. कोरडी.
टाइली ठोकून बघितल्या, तासभर.
कोरडी.'
ओट्यावर काकूंचा चष्मा होता, तो म्हणाला,
अजून कुणी उचलला नव्हता.

मग काय केलंस?
'काय करणार. वरची तोटी आवळली थोडी,
सैल नव्हती.
म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो बघायला.'
पैसे?
त्याने चहाचा पेला उपडा घातला.

पाझरणं म्हणजे काय
ते मी अजून सांगितलेलं नाही.
दोनदा सुरुवात केली,
दोन्ही वेळा झेरॉक्सला गिऱ्हाईक आलं.

आज पाचशे कार्डं सांगितलीत.
मजकूर तोच, नंबर तोच.
मी भाव सांगितला.
त्याने घासाघीस केली, चांगली दहा मिनिटं,
शुद्ध टिळकनगरी मराठीत,
शेजारच्या इस्त्रीवाल्याला मध्ये घेऊन.
मी पन्नास सोडले.
पावती करताना तो छताकडे बघत होता,
कोपऱ्यातल्या त्या पिवळ्या डागाकडे
जो मी चार वर्षं कॅलेंडरने झाकलाय.
'हे झिरपतंय,' म्हणाला.
आणि पिशवी खाली ठेवली.