बहात्तर तास

पाकिटावर छापलंय : नमुना बहात्तर तासांत पोचावा.
छापणाऱ्याने कस्कोक्विम नदी पाहिलेली नसावी.

आज तिसरा दिवस. विमान नाही.
धुकं धावपट्टीवर बसलंय,
निघतो निघतो म्हणून न निघणाऱ्या पाहुण्यासारखं.
दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, लसींच्या खालच्या कप्प्यात
अकरा पाकिटं.
आग्राफेनाचं, तिच्या दोन्ही सुनांचं,
पोस्टातल्या एव्हॉनचं.
त्याने स्वतःच्याच पाकिटावर शिक्का मारला
आणि मान वर केली नाही.

गावात एकशे त्र्याऐंशी माणसं.
दहा वर्षांत नऊ गेली, सगळी आतड्याने.
शहरातून आलेल्या तक्त्यात आमचा खांब सगळ्यांत उंच.
तक्ता दाखवणारा पोरगा भला होता,
आवाज खाली आणून म्हणाला, दर लाखी.
मागच्या बाकावरून म्हातारा वासिली बोलला,
लाख माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत, बाळा.
नऊ म्हण. नऊ आम्हाला नावानं येतात.

आणि त्याने नावं घेतली.
मी कॉफी ओतत होते.
सहाव्या नावाला किटली खाली ठेवली.

सहावा माझा भाऊ.
वर्षभर रक्त जात होतं, बोलला नाही.
तीनदा दवाखान्यात आला, गुडघा दाखवायला.
तीनदा मी गुडघा तपासला.
मलम दिलं, नोंद केली, सही केली.
पोटातलं ओठांवर यायला
त्याला मधे एक गुडघा लागला होता
आणि मी गुडघ्यापाशीच थांबले.

का होतं, कुणी धड सांगत नाही.
धुरावर वाळवलेला मासा म्हणतात, तंबाखू म्हणतात,
दुकानातलं डब्यातलं मांस,
रक्तातूनच येत असेल म्हणतात.
आग्राफेना विचारते, म्हणजे आईने भरवलं तेच ना?
माझ्याकडे याचं पत्रक नाही.

बाकी सगळ्याची पत्रकं आहेत.
आतून दुर्बीण घालायच्या आदल्या रात्री
चार लिटर औषध प्यावं.
स्वच्छतागृहाच्या जवळ राहावं.

जवळच असतं. एका खोलीचं घर, आठ माणसं,
फुलाफुलांचा पडदा,
पडद्यामागे बादली.

डिसेंबरात ओलिंकाने ते केलं.
पोरं मावशीकडे धाडली,
नवऱ्याला वाफेच्या कोठीत बसवून ठेवलं,
रात्रभर एकटी.
पहाटे उणे तीसमध्ये बादली स्वतः घसरगाडीवर घालून
खड्ड्यापर्यंत ओढत नेली,
हात धुतले, लिपस्टिक लावली,
आणि टपालाच्या गोण्यांवर टेकून शहरात गेली.
दोन गाठी निघाल्या, वाटाण्याएवढ्या.
परत आल्यावर दुकानात, पिठाच्या रांगेत,
तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं
कुठून काय घातलं आणि काय काढलं.
रांग हसली. म्हातारे बुटांकडे बघत राहिले.
त्या आठवड्यात कपाटातली पाकिटं
पहिल्यांदा कमी झाली.

संध्याकाळी चार वाजता बहात्तर तास भरले.
मी फ्रीज उघडला.
अकराही नावांपुढे लिहिलं : मुदत संपली.
माणसांविषयी लिहिल्यासारखं वाटलं,
म्हणून खोडून लिहिलं : पाकिटाची मुदत संपली.

मग नवी पाकिटं घेऊन निघाले, घरोघर.
धुक्यात कुत्री आधी ऐकू येतात, दारं मागून दिसतात.

पुन्हा? आग्राफेना म्हणाली.
पुन्हा.
ती सुईत दोरा ओवत होती, ओवत राहिली.
सीलच्या कातड्याचा एक लहान बूट मांडीवर.
आणि तुझं?

ऑक्टोबरपासून माझ्या कोटाच्या खिशात
चार घड्या घातलेलं एक पाकीट आहे.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिने हात पुढे केला.
घड्या उलगडल्या, बूट बाजूला सारून
मांडीवर तळव्याने पाकीट सपाट केलं,
दोनदा,
माझ्या हाती परत दिलं,
आणि हनुवटीने पडदा दाखवला.