बेट, मुक्काम तांडापेठ

ऑर्डर अठराशे टॉवेलांची.
इतवारीचा दलाल मोबाइलवर चित्रं दाखवून गेला:
हवाई बेट, ताडाची झाडं, होडी,
गळ्यात फुलांचा हार घातलेली बाई,
मागे धुमसता डोंगर.
तिथं फिरून आलेल्यांना आठवण म्हणून विकतात म्हणे.
'पण जुनं दिसलं पाह्यजे हेडाऊ,
आजोबाच्या पेटीतून काढल्यासारखं.'

देवाजीनं समुद्र पाहिलेला नाही.
पाणी म्हणजे फुटाळा, तोही विसर्जनाच्या गर्दीतून.
फुलाचं सोपं होतं,
जास्वंद दारातच; एक तोडून काचेवर ठेवली.
सूर्याचा रंग काही जमेना.
शेवटी सुनेनं मृगबहाराचं उरलंसुरलं संत्रं सोललं,
साल डब्याशेजारी धरली: असा घोटा.

अक्षरं मी जुळवली. अलोहा.
'लोहा नाही ते अलोहा,' देवाजी म्हणाला,
'हलकं असंन कायतरी.'
दलालाला विचारलं.
आल्यावर म्हणतात, जातानाही तेच म्हणतात.
'मंग आपलं येतो,' सून म्हणाली,
'जाणारा माणूस येतोच म्हणते.'

जुनं करायला वेळ लागला नाही.
फिल्मवर तारेची घासणी फिरवली:
डोंगराला भेगा, बाईच्या गालावर चरे,
अर्धं वल्हं गायब.

राहिल्या लाटा.
तीनदा काढल्या, तीनदा पुसल्या.
चौथ्यांदा हात आपसूक चालला,
बारीक बारीक दाते, वर तोंड करून,
एकाला लागून एक, पार कडेपर्यंत.
मी ओळखलं, बोललो नाही.
काकूच्या लुगड्याला होता हा काठ. करवत.
तो विणणारा माग याच खोलीत, खड्ड्यात होता.
खड्डा बुजवून आता तिथं शाईचे डबे.

दलालानं नमुना उजेडात धरला.
'बाकी ठीकच. लाटा मात्र अस्सल तिथल्या.'
देवाजी स्क्वीजी पुसत राहिला,
पुसून झाली होती तरी.

एप्रिलचं ऊन. शाई जाळीतच वाळायची.
सहा दिवस कूलरसमोर, दोरीवर,
बेटं फडफडली.
सातव्या दिवशी खोकी टेम्पोत चढली,
पोरगा चावी फिरवत म्हणाला, 'येतो काका.'
सून आत वळून हसली.

एक टॉवेल बिघडला,
डोंगर दोनदा छापला गेला त्यावर.
तो माठाखाली अंथरलाय.
लाटा दिवसभर ओल्या असतात.