एकविसावी ओळ

मेलमध्ये यादी होती, बावीस हत्यारांची.
दांडपट्टा. गुर्ज. माडू, म्हणजे काळविटाची दोन शिंगं
पाठीला पाठ लावून, मध्ये मूठ.
चीनकडचा दातेरी सोटा. कुठल्याशा थंड मुलखातला
घोडेस्वाराला मानेला धरून खाली खेचायचा चिमटा.
प्रत्येकापुढे तीन रकाने:
उपसताना, चालवताना, लागल्यावर.
एकविसाव्या ओळीत विटा.
शोधलं तर भट्टीचे भाव आले,
हजारी किती, पोहोच वाहतुकीसह.

मी आवाज करते, पोटासाठी.
गोरेगावात, एका गाळ्यात,
अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या भिंतींच्या आत
कोबीची किती डोकी उडवली याचा हिशेब नाही.
शेवग्याच्या शेंगा मोडते, त्या तुमच्या बरगड्या.
तलवार लागते तेव्हा तुम्ही ऐकता
कालची सैल कणीक.
खऱ्या पट्ट्याचा आवाज अगदीच बेताचा,
म्हणून मी सुताराची पोलादी टेप झटकते.
आजवर कुणाची तक्रार नाही.

पण विट्याला काय झटकायचं?
भाल्यासारखा फेकायचा, बुडाला दोरी, दोरी मनगटाला.
कुणीतरी म्हणालं, घोडपदेवला लवू चिंदरकर मास्तर आहेत,
अजून शिकवतात, पोरं आली तर.

दादरहून केळीचा खांब घेतला.
टॅक्सीवाला म्हणाला, सत्यनारायण का?
मी म्हटलं, हो.

मास्तर एक्याऐंशीचे. मनगटावर गोरा पट्टा,
घड्याळाचा वाटावा असा. घड्याळ ते वापरत नाहीत.
दोरीचे तीन वेढे दिले, चौथा सोडला,
मला म्हणाले, यंत्र लाव.
आणि फेकला.

काटा हललाच नाही.
पंख्याची घरघर, बाहेर कुणाचा तरी कुकर,
आणि विटा केळीत वीतभर.
मास्तर, पुन्हा फेकाल का, आवाज आला नाही.
"फेकताना नसतोच. थांब की."

मग त्यांनी ओढला.

केळीने लगेच सोडला नाही.
एकेका पापुद्र्याने विचार केला.
आधी चोखल्यासारखं काही, मग एक लांब, ओला उसासा,
आणि शेवटी चिकातून सुटल्याचा बारीक, लाजिरवाणा आवाज.
दोरीवरच्या उड्या मारणारी पोरं थांबली.
मी हेडफोन कानांवरून खाली घेतले,
तरी तो येतच होता.

"माझ्या आज्याने सांगितलेलं," मास्तर दोरी पुसत म्हणाले,
"फेकणं कुणालाही जमतं.
त्याने कुठे फेकला, कधी फेकला, ते नाही सांगितलं."
चहा आला. साखर फार होती.

फाइलला नाव दिलं: ओढ, शून्य सात. पाठवली.
शुक्रवारी उत्तर:
सुंदर, पण ओलं आहे. आणि तीन सेकंद!
खेळणारा इतका थांबत नाही, अर्ध्या सेकंदात बसवा.
ता.क. दोरी काढतोय आम्ही,
ती सारखी सैनिकांच्या पायांतून आरपार जाते.
बटण दाबलं की विटा आपसूक हातात.

तर मी बॅगेची चेन ओढली,
वर शटलकॉकचा एक फटका, थोडी घंटा.
पैसे वेळेवर आले.

दिवाळीत भाचा आला, ओजस, इयत्ता सहावी.
सोफ्यावर आडवा पडून विटे फेकत होता,
चेन, फटका, घंटा, चेन, फटका, घंटा,
आणि प्रत्येक विटा परत येत होता
नुकताच धुतल्यासारखा.
"मावशी, हा तुझा ना? लई भारी."

का कोण जाणे, मी त्याला ते तीन सेकंद ऐकवले.
त्याने नाक मुरडलं.
"हे काय, चिखलातून बूट काढतंय कुणी?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.
त्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा.
मोबाइलवर त्याचा सैनिक उभाच,
मागून कुणीतरी येऊन मारून गेलं त्याला,
याने पाहिलंही नाही.

"पाय होता का आत?" त्याने विचारलं.