कटती

सावद्याच्या केळी-काट्यावर सव्वीस वर्षं
मी लोंगरं तोलली.
दांडीची कटती, चिकाची कटती,
व्यापाऱ्याच्या मर्जीची एक वेगळी.
कागदावर उतरतं ते
झाडाने दिलेल्यापेक्षा नेहमी कमीच.

देवयानीच्या वजनात मात्र मी खोटं उलटं केलं.
नवव्या वर्षी एकोणीस किलो,
अकराव्या वर्षीही एकोणीस.
वहीत मी वीस लिहायचो.

दर एकवीस दिवसांनी पहाटेची एस.टी.,
फैजपूर, भुसावळ, जळगाव.
खिडकीशी ती, मांडीवर डबा,
आणि मग सिव्हिलच्या पलंगावर
नळीतून थेंब थेंब उतरणारं कुणाचंतरी.
कुणाचं, ते पिशवीवर नसायचं.
म्हणून ती ठरवायची.
"बाबा, मले आज ठेचा खावासा वाटते,
हे शेवभाजीवाल्याचं दिसते."
बोटं चुरचुरली की कापूस वेचणाऱ्या बाईचं.
एकदा परतीच्या गाडीत
सगळ्या थांब्यांची नावं ओरडत आली,
"आजचं कंडक्टरचं व्हतं, बाबा."
खऱ्या कंडक्टरने घंटीची दोरी
फैजपूरपासून तिच्याच हातात दिली.

मे महिन्यात ती असलं काही बोलायची नाही.
कॉलेजं बंद, पारा सेहेचाळीसवर,
पेढीचं फ्रीज रिकामं.
काउंटरवरचा म्हणायचा, बदली डोनर आणा.
मी बाही वर करायचो.
ते बोटाला सुई टोचायचे, आकडा बघायचे,
आणि म्हणायचे, बाही खाली करा.
माझ्यातही तेच आहे, अर्धं.
कोकिळात अर्धं.
दोन अर्ध्यांची बेरीज आम्ही
पाळण्यात घातली, नाव ठेवलं, पेढे वाटले.

गेल्या मे महिन्यात पिशवी चार दिवस उशिरा आली.
त्या चार दिवसांची नोंद माझ्या वहीत नाही.

वर्षाच्या जेवणाला भावकी म्हणाली,
वरण-बट्टी करा, पाचशे पान तरी उठलं पाहिजे.
कोकिळा चुलीपाशी गेलीच नाही.
"तिले जे लागे, तेच मांगा लोकायले.
बट्टी कवा लागे तिले?"

लिलावाच्या शेडमध्ये आठ खाटा पडल्या.
मला दारात बसवलं, काट्यापाशी.
पंचेचाळीसच्या आत भरला तर परत पाठवायचं.
दुसरं काय येतं मला.

सिकंदर तडवी आला, हमालाचा पोरगा,
अठरावं नुकतंच सरलेलं.
काटा सेहेचाळीस.
मी म्हटलं, खिसे.
दोन्ही खिशांतून निघाली
आमच्याच शेडमधली वजनं, एकेक किलोची.
"काका, देवू माह्या बहिनीच्या वर्गात व्हती."
मी त्याला दोन फण्या दिल्या,
म्हटलं, रोज खा, पुढच्या वर्षी ये.
रागाने रडला.
फण्या मात्र घेऊन गेला.

आत पिशव्या झुलत होत्या.
मशीन त्यांना हलवत राहतं, गोठू नये म्हणून,
पोर उठू नये म्हणून हलवावं तसं.
साडेतीनशे भरलं की बारीक घंटी.
दांडी नाही, चीक नाही.
मी दोनदा उठून बघून आलो.

संध्याकाळी वही काढली.
घेतल्या एकशे एकोणसाठ.
आज दिल्या एकाहत्तर.
उरल्या अठ्ठ्याऐंशी.
कोकिळा म्हणाली, "मेमधीच करू दरसाल.
मेमधीच नसते."

शेवटी शेवटी हंसराजशेठ आले,
सव्वीस वर्षं माझ्याकडून कटती लिहवून घेणारे.
डोळे गच्च मिटून पडून राहिले,
बिस्किटही न खाता गेले.
त्यांची पिशवी कुणाला लागेल, कळायचं नाही.
पण उद्या सिव्हिलमध्ये एखादी पोर
दोन गोळ्यांची एक करा म्हणून
सिस्टरशी घासाघीस करू लागली,
तर तिच्या बापाने तिला ओरडू नये.
त्यात तिची चूक नाही.
त्याचीही नाही.